दूध कोणी सांडलं?

सकाळी साडेसातची वेळ. ओट्यावरचा पेला खाली पडलाय आणि दूध ओघळत फ्रीजच्या पायापर्यंत गेलंय. शेजारी चार वर्षांची मुलगी उभी आहे. फ्रॉकचा घेर ओला, ओठांवर दुधाची मिशी. आई आत येते आणि विचारते, "दूध कोणी सांडलं?"

घरात त्या वेळी दोघीच आहेत. उत्तर आईला माहीत आहे आणि मुलीलाही. तरी मुलगी म्हणते, "मी नाही. मनीनं." मनी म्हणजे खिडकीतून येणारं शेजारचं मांजर. आज खिडकी बंद आहे.

पुढे काय होतं ते बहुतेक घरांत सारखंच असतं. सांडलेलं दूध बाजूला राहतं आणि "खोटं बोलतेस? एवढीशी आहेस आणि खोटं बोलतेस?" सुरू होतं. मुलगी रडते. आईला शाळेच्या बसची घाई असते. फरशी पुसली जाते, दिवस सुरू होतो. ही सगळी घटना अर्ध्या-पाऊण मिनिटाची. मला या प्रकरणात त्या अर्ध्या मिनिटाकडेच नीट बघायचं आहे. मुलांनी खरं बोलावं ही आपली सगळ्यात मोठी अपेक्षा, आणि ते कसं शिकवायचं याचा विचार मात्र आपण सगळ्यात घाईघाईनं, चिडलेल्या अवस्थेत करतो.

आपल्याकडे 'संस्कार' म्हटलं की तिन्हीसांजेचं शुभंकरोती आठवतं, पाढे आठवतात, रामरक्षा आठवते. उन्हाळ्याच्या सुटीत गावोगावी संस्कार वर्ग भरतात. त्या पाठांतराबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यानं वाणी स्वच्छ होते, स्मरण पक्कं होतं, आजी-आजोबा आणि नातवंडांना रोज एकत्र बसायला निमित्त मिळतं. पण 'नेहमी खरे बोलावे' हा फळ्यावरचा सुविचार वळणदार अक्षरात उतरवून घेणारं मूल त्याच दुपारी फुटलेल्या पाटीचा आळ शेजारच्यावर ढकलतं, आणि असं करताना त्याला स्वतःत काही विसंगत वाटत नाही. सुविचार वहीत असतो. पाटी फुटल्यावर पोटात उठणारा गोळा वेगळ्याच जागी असतो. तिथपर्यंत काय पोचतं, हा खरा प्रश्न आहे.

जिनिव्हातले मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी हा प्रश्न मुलांनाच विचारला. मुलांच्या नैतिक समजुतीवरचं त्यांचं पुस्तक 1932 साली निघालं. त्यासाठी ते मुलांना दोन-दोन छोट्या गोष्टी सांगत आणि 'यातला जास्त वाईट कोण?' असं विचारत. एका गोष्टीत जेवायला बोलावलेला मुलगा दार उघडतो. दारामागे खुर्चीवर कपांचा ट्रे आहे हे त्याला ठाऊक नसतं. दाराचा धक्का लागतो आणि पंधराच्या पंधरा कप फुटतात. दुसऱ्या गोष्टीत आई घरात नसताना एक मुलगा फडताळातला जॅम गुपचूप काढायला वर चढतो आणि त्यात एक कप फुटतो. लहान मुलं बहुधा म्हणायची, पंधरा कप फोडणारा जास्त वाईट. का? पंधरा फुटले म्हणून.

खोटेपणाबद्दलही तसंच. एक मुलगा घरी येऊन सांगतो की रस्त्यात गायीएवढा कुत्रा दिसला. दुसरा सांगतो की गुरुजींनी आज चांगले गुण दिले, आणि ते दिलेले नसतात. लहानांना गायीएवढा कुत्रा हे मोठं खोटं वाटतं, कारण एवढा कुत्रा असूच शकत नाही! चांगले गुण मिळणं तर शक्य असतं. फसवण्याचा हेतू कुठे होता हे त्यांच्या मोजमापात अजून आलेलंच नसतं. पुढच्या संशोधकांनी पियाजेंच्या गोष्टी सोप्या केल्या, हेतू ठळक करून सांगितला, तेव्हा चार-पाच वर्षांची मुलंही हेतूचा विचार करू शकतात असं दिसलं. म्हणजे समज अगदीच नसते असं नाही. ती कोवळी असते आणि नुकसानीच्या आकाराखाली सहज दबून जाते.

आणि नुकसानीचा आकार मुलांच्या मनात भरवतं कोण? आपणच. स्टीलची वाटी पडली तर आपण मान वळवूनही बघत नाही. नव्या मोबाइलची काच तडकली की घर डोक्यावर घेतो. धाकट्या भावाला मुद्दाम काढलेल्या चिमट्याला "असं नाही करायचं हं" एवढ्यावर सोडतो. मूल या सगळ्याची नोंद ठेवत असतं. गुन्हा किती मोठा हे त्याला आपल्या आवाजावरून कळतं, आणि आपला आवाज बऱ्याचदा वस्तूच्या किमतीप्रमाणे चढतो.

आता मनी मांजराकडे परत येऊ. मूल खोटं बोलू शकतं याचा अर्थ त्याला एक अवघड गोष्ट साधली आहे: आपल्या डोक्यात आहे ते आईच्या डोक्यात असेलच असं नाही, हे त्याला कळलं आहे. दीड-दोन वर्षांच्या बाळाला हे ठाऊक नसतं. म्हणूनच ते स्वतःचे डोळे झाकून 'मी दिसत नाही' म्हणतं. तीन ते पाच या वयात ही जाण हळूहळू येते, आणि तिच्याबरोबरच कल्पनेचे खेळ, थापा आणि खोटंही येतं. पहिलं खोटं ऐकून घाबरून जाण्याचं कारण नाही. ते वाढीचंच लक्षण आहे. मात्र ती शक्ती कोणत्या वळणानं जाणार हे पुढच्या वर्षांत घरातल्या हवेवर ठरतं.

ही हवा मोजण्याचा एक प्रयोग मानसशास्त्रात अनेक ठिकाणी झाला आहे. मूल भिंतीकडे तोंड करून बसतं. त्याच्या पाठीमागे एक खेळणं ठेवून त्याचा आवाज करतात, आणि आवाजावरून खेळणं ओळखायचं असतं. मध्येच बाई म्हणतात, "मी एका मिनिटात येते, तोवर मागे वळून बघू नकोस हं," आणि निघून जातात. बहुतेक लहान मुलं वळून बघतात. कोण नाही बघणार? परत आल्यावर बाई विचारतात, "बघितलंस का?" खोलीत लपवलेल्या कॅमेऱ्यामुळे खरं काय ते आधीच माहीत असतं.

व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या संशोधकांनी हा प्रयोग पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांतल्या मुलांवर केला. निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाले. एका शाळेत पेन्सिल विसरण्यासारख्या चुकीलाही छडी किंवा चापट बसायची. दुसऱ्या शाळेत रागावणं होतं, समज देणं होतं, मार नव्हता. मुलं तीन-चार वर्षांची. वळून बघण्याचा मोह दोन्हीकडे सारखाच झाला. फरक पडला तो पुढे. बिनमाराच्या शाळेत बघितलेल्या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलं खोटं बोलली. छडीच्या शाळेतली जवळजवळ सगळी. इतकंच नाही, छडीच्या शाळेतली चिमुरडी आपलं खोटं सफाईनं निभावूनही नेत होती. 'खेळणं कोणतं असेल?' या पुढच्या प्रश्नाला बेसावधपणे खरं नाव सांगून पकडली जात नव्हती. माराची भीती चूक थांबवू शकली नव्हती. ती मुलांकडून लपवण्याचा सराव करून घेत होती.

हे वाचताना मला मोहनदास गांधींच्या आत्मकथेतला प्रसंग आठवतो. पंधरा वर्षांच्या मोहननं भावाच्या हातातल्या सोन्याच्या कड्याचा तुकडा चोरला, पंचवीसएक रुपयांचं कर्ज फेडण्यासाठी. कर्ज फिटलं, पण मनातली टोचणी जाईना. तोंडानं सांगायचा धीर होत नव्हता, म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहिली, तिच्यात शिक्षाही मागितली, आणि आजारी वडिलांच्या हातात दिली. करमचंद गांधी लाकडी फळीवर पडून होते. उठून बसले, चिठ्ठी वाचली. डोळ्यांतून पाणी ओघळून कागद भिजला. क्षणभर डोळे मिटले, चिठ्ठी फाडली आणि पुन्हा आडवे झाले. एक शब्द बोलले नाहीत.

या प्रसंगातल्या अश्रूंवर आपण थांबतो. मला त्याच्या आधीचं एक वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. गांधी लिहितात की वडील मारतील अशी भीती त्यांना नव्हतीच, वडिलांनी कधी मुलांना मारल्याचं त्यांना आठवत नाही. भीती होती ती त्यांना दुःख होईल याची. चिठ्ठी लिहिणं शक्य झालं ते या दोन भीतींमधल्या अंतरामुळे. छडीच्या शाळेतल्या मुलाकडे हे अंतर नसतं. आपलं चुकलं म्हणजे कुणाला काय वाटेल हा विचार करायला त्याला उसंतच मिळत नाही. त्याचं सगळं लक्ष स्वतःच्या तळहातावर असतं.

मार नको म्हटलं की लगेच कुणीतरी विचारतं, मग बक्षीस द्यावं का? खरं बोललास तर चॉकलेट? गुजरातेत भावनगरला 1920 साली दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू करणाऱ्या गिजुभाई बधेकांना दोन्ही नको होतं. शिक्षा आणि लालूच या त्यांना एकाच नाण्याच्या दोन बाजू वाटत. त्यांच्यासोबत काम करून महाराष्ट्रात आलेल्या ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांसह बालवाड्या चालवल्या, त्याही याच श्रद्धेवर. 'अंगणवाडी' हा आज देशभर रुळलेला शब्द त्यांच्याच कामातून आला. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, ही त्यामागची साधी कल्पना. तिथे नखं कापणं, केस विंचरणं, आंघोळ घालणं हाही शिक्षणाचा भाग होता. बाईंनी मायेनं, रोज, न चिडता केलेल्या या कामांतून मुलाला कळत असे की इथे आपण हवे आहोत. जिथे आपण हवे आहोत असं वाटतं तिथे चूक कबूल करायला फार मोठं काळीज लागत नाही.

गोष्टी हे आपलं जुनं आणि लाडकं साधन. पण कोणती गोष्ट? कांग ली यांच्याच गटानं 2014 साली हेही तपासलं. खेळण्याच्या त्याच प्रयोगात 'बघितलंस का?' असं विचारण्याआधी तीन ते सात वर्षांच्या मुलांना एक गोष्ट वाचून दाखवली. कुणाला 'लांडगा आला रे आला', कुणाला खोटं बोललं की नाक वाढणारा पिनोकिओ, कुणाला ससा-कासव, कुणाला चेरीचं झाड तोडल्याचं वडिलांपाशी कबूल करणारा छोटा जॉर्ज वॉशिंग्टन. लांडग्याच्या आणि लांब नाकाच्या गोष्टीनं काही फरक पडला नाही. ससा-कासव ऐकलेली मुलं जितकं खरं बोलली तितकंच ही मुलं बोलली. वॉशिंग्टनची गोष्ट ऐकलेल्या मुलांत मात्र खरं सांगणारी जास्त निघाली. मग संशोधकांनी त्या गोष्टीचा शेवट बदलला. खरं बोलल्याचा आनंद काढून खोटं बोलल्याची वाईट फळं दाखवली, तेव्हा तिचाही परिणाम गेला.

(वॉशिंग्टनची ही गोष्ट घडलेली नाही. मेसन वीम्स नावाच्या चरित्रकारानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती आपल्या पुस्तकात घातली. थोडं मोठं झालेल्या मुलाला हेही सांगावं. त्यावर फार चांगली चर्चा होते.)

आपल्या लाकूडतोड्याची गोष्ट मला या प्रकाशात नव्यानं आवडू लागली. विहिरीतून देवी सोन्याची कुऱ्हाड काढते, तो म्हणतो माझी नाही. चांदीची, तरी नाही. लोखंडाची निघते तेव्हा त्याचा चेहरा उजळतो. त्याला शेवटी तिन्ही मिळतात, ते एक असो. सांगताना मी हल्ली त्याच्या चेहऱ्यापाशी थांबते. 'हीच माझी' म्हणताना त्याला कसं वाटलं असेल, असं मुलांना विचारते. एकदा एक पाच वर्षांचा मुलगा म्हणाला, "त्याला हलकं वाटलं." मी त्याला हा शब्द दिलेला नव्हता.

गोष्टींपेक्षाही मुलं आपल्याला जास्त ऐकतात. 2014 सालच्याच आणखी एका अभ्यासात, चेल्सी हेज आणि लेस्ली कार्व्हर यांनी, मुलांना प्रयोगाच्या खोलीत नेताना काहींना थाप मारली: "शेजारच्या खोलीत भांडंभर खाऊ आहे, चल घेऊ या." खोलीत गेल्यावर बाई म्हणाल्या, खाऊ नाहीच, तुला इकडे आणायचं होतं म्हणून म्हटलं. शाळेत जाण्याच्या वयाच्या मुलांपैकी ज्यांना अशी थाप मारली नव्हती त्यांच्यातली सुमारे 60 टक्के वळून बघणारी निघाली, आणि वळून बघणाऱ्यांतली तेवढीच खोटं बोलली. थाप खाल्लेल्या मुलांत बघणारी 80 टक्क्यांच्या जवळ गेली आणि त्यांतली खोटं बोलणारी 90 च्या. अगदी लहानांवर असा परिणाम दिसला नाही. पाचच्या पुढची मुलं मात्र हिशेब ठेवत होती.

आता आपला एक दिवस डोळ्यांसमोर आणू. "सांग, बाबा घरी नाहीत." "जेव, नाहीतर बागुलबुवा येईल." ऑफिसला निघताना मूल रडू नये म्हणून त्याला बाल्कनीत कबुतरं दाखवायला पाठवून मागच्या मागे सटकणं. एसटीत चढण्याआधी कानात, "कंडक्टरकाकांनी विचारलं तर साडेचार वर्षं सांगायचं." यातली एकही गोष्ट दुष्टपणानं होत नाही. घाई असते, थकवा असतो, चार पैसे वाचवायचे असतात. पण साडेचार सांगायला शिकवलेल्या मुलाला तिकिटाच्या पैशांतलं काही कळत नाही. अडचणीच्या वेळी मोठी माणसं काय करतात, एवढं कळतं. गांधींच्या आत्मकथेतच आणखी एक प्रसंग आहे. राजकोटच्या शाळेत इन्स्पेक्टर जाइल्स तपासणीला आले तेव्हा मोहनला 'केटल'चं स्पेलिंग येईना. मास्तरांनी बुटाच्या टोकानं खुणावलं, शेजाऱ्याच्या पाटीवर बघ. मोहनला ती खूण कळलीच नाही, कारण मास्तर तर कॉपी होऊ नये म्हणून उभे आहेत असं त्याला वाटत होतं! बाकी सगळ्या मुलांची स्पेलिंगं बरोबर आली. वर्गातल्या त्या सगळ्या मुलांचा मी पुष्कळदा विचार करते. त्यांना ती खूण नीट समजली होती.

मुलांचा आपला एक सत्याचा कायदा असतो. "आईशप्पथ!" म्हटलं की विषय संपतो. शपथ खोटी घेतली तर आईचं काहीतरी होईल या धास्तीनं छोटी मुलं कासावीस होतात, "सुटली म्हण, सुटली म्हण" म्हणून मागे लागतात. ही धास्ती आपण वापरू नये असं मला ठामपणे वाटतं. आईच्या जिवाचं ओझं पाच वर्षांच्या खांद्यावर कशाला? त्याऐवजी शब्द मागावा. "मी तुला एक विचारणार आहे. खरं सांगशील? शब्द देतोस?" प्रश्नाआधी असं वचन घेतलं की खरं सांगणाऱ्या मुलांची संख्या वाढते, हे प्रयोगांतही पुन्हा पुन्हा दिसलं आहे. शब्द देताना मुलाला आपण मोठे झाल्यासारखं वाटतं.

मग त्या सकाळी स्वयंपाकघरात काय करायचं होतं? माझं उत्तर असं: तो प्रश्नच विचारायचा नव्हता. उत्तर माहीत असताना विचारलेला प्रश्न हा सापळा असतो, आणि लहान मूल सापळ्यात पाय घालतंच. "अगं, दूध सांडलं. फडकं आण, पुसू या." एवढंच. ती पुसेल तेव्हा दूध आणखी पसरेल, तुम्हाला नंतर पुन्हा पुसावं लागेल. तरी पुसू द्या. पुसता पुसता ती बहुधा स्वतःच सांगते, "मी उंचावरून घेत होते ना..." आणि मनीचं नाव घेतलंच, तर ते मोडीत काढायला वकील होऊ नका. "मनी असती तर मज्जा आली असती. आता सांग, पेला कसा पडला?" खरं सांगितल्यावर 'शाब्बास'ची बरसात नको. "बरं झालं सांगितलंस" पुरे. आणि दुसऱ्या दिवशी पेला खालच्या कप्प्यात ठेवा. तिला तो हाताशी मिळत नव्हता हे त्या दुधातून तुम्हाला कळलेलं असतं.

खरेपणा आणि दया यांची गाठ पडते तेव्हा काम जास्त नाजूक होतं. मावशीनं आणलेला फ्रॉक आवडला का असं तिच्यासमोरच विचारल्यावर मूल "नाही" म्हणतं आणि सगळ्यांचे चेहरे पडतात. नंतर "छान आहे म्हणायचं असतं!" असं दटावणं सोपं आहे. पण मूल इथे गोंधळतं, कारण काल खोटं बोलल्याबद्दल बोलणी बसलेली असतात. त्याच्याशी बसून शोधावं लागतं: फ्रॉक आवडला नाही हे खरं, पण मावशी इतक्या लांबून आठवणीनं घेऊन आली हेही खरंच ना? त्यातलं कोणतं खरं तिला सांगायचं? सहा-सात वर्षांच्या मुलांना हा शोध फार आवडतो. ती स्वतःहून अशी वाक्यं बनवतात की आपण थक्क होतो.

मी स्वतः हे सगळं उशिरा शिकले. मुलगा साडेतीन वर्षांचा असताना एका दवाखान्यात मी त्याला सांगितलं होतं, "काही दुखत नाही, मुंगी चावल्यासारखंसुद्धा नाही." सुई टोचल्यावर तो रडला, पण सुईकडे न बघता माझ्याकडे बघून. घरी येईपर्यंत बोलला नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मी साध्या साध्या गोष्टी सांगितल्या, बाहेर पाऊस आहे, भाजी तिखट नाही, तरी तो आधी स्वतः खात्री करून घ्यायचा. खिडकीशी जाऊन बघायचा. भाजीला जीभ लावून बघायचा.

पाच वर्षांचा झाल्यावर पुढची लस होती. रिक्षात त्यानं विचारलं, "दुखेल?"

"हो, दुखेल. मागच्या वेळी मी तुला खोटं सांगितलं होतं. तू रडशील म्हणून मी घाबरले होते."

त्यानं बराच वेळ बाहेर बघितलं. मग म्हणाला, "किती दुखेल?"

"जोरात चिमटा काढल्याएवढं. दहा मोजेपर्यंत."

तो रडला. सातपर्यंत आम्ही दोघांनी मिळून मोजलं, पुढचे तीन आकडे त्यानं एकट्यानं मोजले.